उचल, खाडा आणि रक्तातले लोह : गरिबी आणि विषमता आरोग्य कसे ठरवतात

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. त्या वेळी झालेल्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे ढोबळमानाने सहा जणींमागे एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत १५ ते ४९ या वयोगटासाठी देशाची सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास होती. दोन्ही पाहण्यांतील वयोगट तंतोतंत सारखे नसल्याने हे आकडे थेट शेजारी मांडणे काटेकोर ठरणार नाही, परंतु एवढी मोठी तफावत केवळ वयाच्या फरकाने भरून निघणारी नाही.

या बातमीवर तेव्हा प्रामुख्याने दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी सगळा दोष पैशाला हपापलेल्या डॉक्टरांवर टाकला, तर काहींनी बायकांच्या अज्ञानावर. दोन्हींत थोडेथोडे तथ्य आहे, पण दोन्ही स्पष्टीकरणे शस्त्रक्रियेच्या टेबलापासून सुरू होतात. ती बाई तिथवर पोचण्याच्या वीस-पंचवीस वर्षे आधीपासून तिच्या शरीरावर जे होत आले, त्याकडे ती पाहत नाहीत. कोणाच्या वाट्याला किती आजार येणार हे बऱ्याच अंशी जमीन, पाणी, मजुरी, जात आणि लिंग यांनी आधीच ठरवलेले असते, आणि हे ठरणे नेमके कसे घडते, ते मराठवाड्याच्या संदर्भात उलगडून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पैसा आणि पायरी

गरिबीने माणसे आजारी पडतात, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अपुरे अन्न, गळके घर, दूषित पाणी आणि औषधाला पैसे नसणे एवढे म्हटले की बहुतेकांना विषय संपला असे वाटते. प्रत्यक्षात तो तिथे संपत नाही, आणि हे ज्या अभ्यासाने ठळकपणे दाखवले तो गरिबांवर झालेलाच नव्हता. १९६७ पासून लंडनमधील सुमारे अठरा हजार सरकारी नोकरदार पुरुषांच्या प्रकृतीचा अनेक वर्षे मागोवा घेण्यात आला. या सर्वांना कायम नोकरी होती, नियमित पगार होता आणि सरकारी आरोग्यसेवेत उपचार मोफत होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे गोष्टींचा हिशेब करून वजाबाकी केली तरी फरकाचा मोठा भाग उरलाच. विशेष म्हणजे हा फरक फक्त तळाशी नव्हता. प्रत्येक पायरीवरचा माणूस त्याच्या वरच्या पायरीवरच्या माणसापेक्षा थोडा अधिक आजारी होता. हा अभ्यास पुढे नेणारे मायकेल मारमॉट हेच २००५ ते २००८ या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक घटकांविषयीच्या आयोगाचे अध्यक्ष होते.

पायरीचा परिणाम शरीरापर्यंत पोचण्याचा एक मार्ग तणावाच्या संप्रेरकांचा आहे. धोका दिसला की शरीर ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडते, हृदय जोरात चालते, रक्तातील साखर वाढते आणि पळायला किंवा लढायला बळ मिळते. धोका टळला की हे सारे पूर्ववत व्हायला हवे. परंतु ज्या माणसाला आपल्या कामावर, वेळेवर आणि मानापमानावर कसलाच ताबा नाही, त्याच्यासाठी धोका कधी टळतच नाही. वर्षानुवर्षे ही संप्रेरके वाढलेली राहिली की रक्तवाहिन्या कडक होतात, पोटावर चरबी साठते, झोप बिघडते आणि प्रतिकारशक्ती खालावते.

अमेरिकेत ही पायरी वर्णाशी बांधलेली आहे. तिथे कृष्णवर्णीयांमधील अधिक मृत्यू हे त्यांच्या वंशाचे जन्मजात वैगुण्य आहे असे एके काळी विद्वानही मानत. कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीत घरोघर फिरून केलेल्या पाहणीतून ते मृत्यू वंशाला नव्हे तर राहणीमानाला बांधलेले असल्याचे दाखवले. आजचे चित्रही बोलके आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण गोऱ्या स्त्रियांमध्ये २६.६ होते, तर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ६९.९. यावर कोणी म्हणेल की कृष्णवर्णीय स्त्रिया गरीब आणि कमी शिकलेल्या असतात म्हणून असे होत असेल. परंतु तिथल्याच सरकारी आरोग्य संस्थेच्या आकडेवारीनुसार पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये गरोदरपणाशी निगडित मृत्यूंचे प्रमाण शालेय शिक्षणही पूर्ण न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक आहे. म्हणजे शिक्षण आणि त्यासोबत येणारा पैसा यांनी जे झाकायला हवे होते ते झाकले जात नाही.

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात आहे, एवढे म्हणून दोन्हींना एकाच मापाने मोजणे योग्य नाही, कारण दोहोंचे इतिहास वेगळे आहेत. प्रश्न मात्र तोच विचारता येतो : दोन कुटुंबे सारखीच गरीब असतील, तर त्यांचे आरोग्यही सारखेच असते का? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात उत्तर आणि पूर्व भारतातील नऊ राज्यांची आकडेवारी तपासण्यात आली. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे सरासरी आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुस्लिमांचे सुमारे एक वर्षाने कमी असल्याचे त्यात दिसले, आणि घराच्या आर्थिक स्थितीचा हिशेब केल्यावर या तफावतीचा निम्म्याहून कमी भागच उलगडला. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नाही. परंतु ‘आता जात राहिली कुठे, आता फक्त गरीब आणि श्रीमंत’ हे जे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून संपादकीयापर्यंत सहजपणे उच्चारले जाते, त्याला आरोग्याच्या आकड्यांचा आधार नाही, एवढे तरी त्यातून स्पष्ट होते.

जन्माआधीच सुरू होणारा हिशेब

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय होता, आणि सहा महिने ते पाच वर्षे या वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६९ टक्क्यांच्या जवळ होते. याच पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या तरुणींचे लग्न अठराच्या आत झाले होते त्यांचे राज्यातील प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. परभणी जिल्ह्यात ते ४८ टक्के आणि बीड जिल्ह्यात जवळपास ४४ टक्के आहे. हे आकडे वेगवेगळ्या रकान्यांत छापले जातात, पण ते एकाच मुलीच्या शरीरात एकत्र नांदतात.

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची स्वतःची हाडे आणि कंबर अजून वाढत असतात. मासिक पाळीमुळे दर महिन्याला लोह कमी होत असते आणि आहारात ते भरून काढणारे फारसे काही नसते. ज्वारी किंवा रेशनच्या गव्हाची भाकरी-पोळी, पातळ वरण किंवा नुसती चटणी, घरात दूध असले तरी ते डेअरीला जाणारे, अंडी-मटण सणावारापुरते, आणि हे सारे पुरुष व मुलगे जेवून उठल्यावर. अशा अवस्थेत ती गरोदर राहते, तेव्हा आईची वाढ आणि बाळाची वाढ यांच्यात एकाच ताटातल्या अन्नासाठी स्पर्धा लागते. बाळाचे वजन कमी भरते, आणि बाळंतपणात रक्तस्राव झालाच तर आधीच सात-आठ ग्रॅमवर असलेले हिमोग्लोबिन तिला सावरण्याची संधी देत नाही.

आणि कमी वजनाचे बाळ जगले, पुढे नीट खाऊपिऊ लागले, तर हिशेब मिटतो का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. भारतीय नवजात बाळे युरोपीय बाळांपेक्षा वजनाने हलकी आणि स्नायूंनी बारीक असली तरी त्यांच्या शरीरातली चरबी त्या मानाने टिकून राहिलेली असते, हे त्या कामातून पुढे आले. गर्भात अन्न कमी पडले की शरीर मेंदूला वाचवते आणि त्याची किंमत स्वादुपिंड, मूत्रपिंडे व स्नायू यांच्याकडून वसूल करते. गर्भातले बाळही एका अर्थाने ऊसतोड मजुरासारखी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेते, आणि ती पुढे चाळिशीत मधुमेह व हृदयविकाराच्या रूपाने फिटत राहते. म्हणूनच जिल्ह्याच्या गावातल्या दवाखान्यात आज असा मजूर दिसतो, ज्याच्या अंगावर मांस नाही, ज्याने आयुष्यभर कष्ट केले आहेत आणि तरीही ज्याची साखर तीनशेच्या घरात आहे. ‘श्रीमंतांचा रोग’ त्याला कसा झाला याचे उत्तर त्याच्या आईच्या ताटात शोधावे लागते.

मुलींची लग्ने एवढ्या लवकर का होतात, याचे उत्तर केवळ रूढी हे नाही. दसरा-दिवाळीनंतर आईवडील सहा महिन्यांसाठी ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची आणि फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतावर, सोबत नेली तर तिथे तिची काळजी कोण घेणार, हे दोन्ही प्रश्न त्यांना सतावतात. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. हुंडा आणि मुलींविषयीची नावड यांचीही यात भर पडते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील एक हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या, हा राज्यातला नीचांक होता.

जमीन, पाणी आणि वस्तीची जागा

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. शाळा, रस्ते, दवाखाने यांची सुरुवातच इथे उशिरा झाली. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्याला सगळा विभाग ‘घाटी’ म्हणून ओळखतो, १९५६ मध्ये सुरू झाले, आणि अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७० च्या दशकात. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाची, म्हणजे विकासात राहून गेलेल्या तुटीची, मोजदाद केली, तेव्हापासून ‘अनुशेष’ हा इथल्या राजकारणातला कायमचा विषय झाला. परंतु या चर्चेत एक गोष्ट झाकली जाते. अनुशेष जिल्ह्यांचा मोजला जातो, गावातल्या वस्त्यांचा नाही, आणि जिल्ह्याला मिळालेला पैसा गावाच्या शेवटच्या गल्लीपर्यंत पोचतोच असे नाही.

गावाची रचना पाहिली की हे समजते. दलित वस्ती बहुधा गावाच्या कडेला, अनेकदा ओढ्याच्या उतारावर असते, आणि नळयोजनेची पाइपलाइन गावठाणातून फिरत तिथे सगळ्यात शेवटी पोचते. दाब कमी असला की शेवटच्या नळाला पाणी कमी, आणि रिकाम्या पाइपमध्ये बाहेरची घाण शोषली जाण्याचा धोका जास्त. दुष्काळात टँकर आला की त्याचे पाणी विहिरीत सोडतात. ज्यांच्याकडे ड्रम, मोटर आणि माणूसबळ आहे ते आधी भरून घेतात, आणि मजुरीवर गेलेली बाई संध्याकाळी येते तेव्हा तळाचे गढूळ पाणी उरलेले असते. या साध्या गोष्टी अतिसार, कावीळ आणि विषमज्वर यांच्या नकाशाची रेघ ठरवतात. नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असते. तिथे शुद्ध पाण्याचा जार विकत घेता येणारे घर आणि न घेता येणारे घर यांच्यातला फरक मुलांच्या दातांवर आणि म्हाताऱ्यांच्या वाकलेल्या हाडांवर दिसतो.

बंजारा तांड्यांची अडचण आणखी वेगळी आहे. अनेक तांड्यांना स्वतंत्र महसुली गावाचा दर्जा नाही, त्यामुळे रस्ता, अंगणवाडी, पाणी या सगळ्यांसाठी ते कोस-दीड कोसावरच्या मूळ गावावर अवलंबून राहतात. सपाट प्रदेशात पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा निकष आहे. डोंगरकपारीत विखुरलेल्या तीन-चारशेच्या तांड्यांची बेरीज कागदावर पाच हजार होते, पण उपकेंद्र त्यांतल्या कोणत्याच तांड्यात नसते.

जमिनीचा मुद्दा आरोग्याच्या लेखात कशाला, असे कोणाला वाटू शकेल. कोरडवाहू का होईना, दोन एकर शेत असलेल्या घरात निदान तूर, मूग, शेंगदाणे, शेळीपुरता चारा आणि शेंगभाजी येते. भूमिहीनाला डाळ दुकानातून आणावी लागते आणि भाव चढले की सर्वांत आधी तीच ताटातून जाते. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत मराठवाड्यातील माणसे मोठ्या संख्येने उतरली. गायरान कसणाऱ्या कुटुंबांचा कब्जा नावावर करण्याचा प्रश्न तेव्हापासून चालत आला आहे. सातबारा नावावर नसला की पीककर्ज नाही, पीकविमा नाही, दुष्काळी अनुदान नाही, आणि पीक हाती येण्याच्या सुमाराला कोणी गुरे घालील ही धास्ती कायम.

ही धास्ती काल्पनिक नसते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि विभागभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली, कित्येक कुटुंबे गाव सोडून गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. त्या काळात लहान असलेली माणसे आज पन्नाशी-साठीत आहेत. गावात पुन्हा काही झाले तर, या विचारात काढलेल्या वर्षांची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही. वर सांगितलेल्या संप्रेरकांच्या दृष्टीने मात्र तो खराखुरा, दीर्घकाळ चाललेला धोका असतो.

फडावरचे सहा महिने

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळता येईल. ऊसतोडीला जाणाऱ्यांत वंजारी, बंजारा, दलित आणि अल्पभूधारक मराठा अशी सर्व प्रकारची कुटुंबे आहेत. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे पावसाळ्यानंतर गावात काम नसणे आणि मुकादमाकडून हंगामाआधीच घेतलेली उचल. ती रक्कम लग्न, आजारपण किंवा जुने देणे यांत खर्चून झालेली असते, त्यामुळे हंगाम सुरू होतो तो कर्जाच्या खात्यावरच. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ धरला जातो आणि दंड उचलीच्या हिशेबात वळता होतो.

पहाटे तीन-चारला उठून स्वयंपाक, उजाडण्यापूर्वी फड, दुपारपर्यंत तोडणी, मग मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणे, रात्री-बेरात्री ट्रक लागला तर पुन्हा भरणी, आणि राहायला पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी. शौचालय नाही, न्हाणीघर नाही, पाणी लांबून आणायचे. मासिक पाळीत तेच कापड न वाळवता पुन्हा वापरावे लागते. लघवीला आडोसा नसल्याने बाया दिवसभर पाणीच कमी पितात. यातून मूत्रमार्गाचे आणि योनिमार्गाचे जंतुसंसर्ग होतात, अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट आणि कंबर दुखते. लवकर आणि लागोपाठ झालेल्या बाळंतपणांवर वीस-तीस किलोच्या मोळ्या उचलल्या की अंग बाहेर येण्याचा त्रास सुरू होतो. यातल्या बहुतेक तक्रारी सुरुवातीला साध्या औषधांनी, विश्रांतीने आणि स्वच्छतेने बऱ्या होण्यासारख्या असतात. पण विश्रांती घेणे म्हणजे खाडा, आणि स्वच्छतेला पाणी नाही.

म्हणून दुखणे अंगावर काढले जाते आणि हंगाम संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यात, ती गावाकडच्या खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळतो. तिच्या बाजूने पाहिले तर हिशेब सरळ आहे : मुले झालेली आहेत, पाळी गेली तर दर महिन्याचा खाडा वाचेल, वारंवारचा औषधाचा खर्च थांबेल. तिला अडाणी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे की ज्या चौकटीत तिला निर्णय घ्यायचा आहे, त्या चौकटीत तो निर्णय सुसंगतच आहे. चूक चौकटीत आहे. शस्त्रक्रियेसाठी काढलेले कर्ज पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवले जाते. सोबत अंडाशयेही काढली असतील तर तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, सांधे आणि पाठ धरते, आणि त्या पाठीवर पुन्हा मोळी चढते.

हाच काळ तिच्या मुलांसाठीही पोकळीचा असतो. नोव्हेंबर ते एप्रिल अंगणवाडीच्या वहीत बाळाच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असे लिहिले जाते. लसीचे डोस चुकतात, वजन घेतले जात नाही, पोषण आहार गावात येतो आणि मूल फडावर असते. गरोदर बाईच्या तपासण्यांचेही तसेच. रेशनकार्ड आता दुसऱ्या ठिकाणी चालते, परंतु रेशन दुकान फडापासून किती लांब आहे, ते कधी उघडे असते आणि त्या वेळेत पोचण्यासाठी खाडा पडतो का, यावर धान्य मिळणे अवलंबून राहते.

उपचाराने येणारी गरिबी

गरिबीतून आजार येतो तसाच आजारातून गरिबीही येते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता. २०२१-२२ पर्यंत तो ३९ टक्क्यांवर आला. सुधारणा खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार हजारो कुटुंबांच्या आवाक्यात आले. पण ही योजना मुख्यतः दाखल होऊन घेण्याच्या उपचारांची आहे. रक्तदाबाची रोजची गोळी, साखरेची तपासणी, तालुक्याला जाण्याचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी यांचा खर्च घरच्याच खिशातून जातो. परिणामी जो रक्तदाब स्वस्त गोळीने आटोक्यात राहिला असता, तो पक्षाघात होऊन ‘योजनेत बसेपर्यंत’ थांबतो.

दवाखान्यात मिळणाऱ्या वागणुकीचाही प्रश्न आहे. संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातील गावांत दलित मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात औषध हातात न देता वरून टाकणे, घरात न शिरणे, तपासताना स्पर्श टाळणे, बोलताना हिणवणे असे अनुभव नोंदवले गेले. आपल्याकडे असे काही नाही असे म्हणण्याची घाई करण्यापूर्वी सरकारी दवाखान्याच्या रांगेत कोणाला ‘ताई, बसा’ म्हटले जाते आणि कोणाला ‘ए बाई, तिकडे सरक’, हे एक दिवस उभे राहून ऐकावे. एकदा अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी उशिरा येतो, आणि क्षयरोग असो वा अवघड बाळंतपण, उशीरच घात करतो.

मनाच्या आजारांबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. २०१५ च्या दुष्काळी वर्षात एकट्या या विभागात हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी जीव दिला. सरकारी मदतीसाठी प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ असे ठरवले जाते. जमीन नावावर नसलेला खंडकरी, बटाईदार किंवा गायरान कसणारा यांत सहसा अपात्र ठरतो, आणि शेतमजुराचा प्रश्न तर या चौकटीत येतच नाही. जिवंतपणी ज्याला कर्ज मिळत नव्हते त्याचा मृत्यूही शेतकऱ्याचा धरला जात नाही.

कशाने फरक पडतो

बीड आणि धाराशिवच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. लोकांची पहिली गरज औषध नसून पाणी आणि अन्न आहे हे ओळखून त्यांनी बोअर घेण्याचे आणि मुलांच्या सामुदायिक जेवणाचे काम हाती घेतले. हातपंप दलित वस्तीत घेतला की पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागते, हा त्यांतलाच एक विचार होता. गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर आणि कित्येक दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले गेले. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या हाताने गावातली बाळंतपणे होऊ लागली, तेव्हा बालमृत्यू आणि शिवाशिव ही दोन्ही एकाच कामातून हटू लागली. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजची ‘आशा’ ही याच कल्पनेची सरकारी आवृत्ती म्हणता येईल, मात्र तिला अजूनही नियमित पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला यावर ती राबते.

गर्भाशय शस्त्रक्रियांबाबत बीडमध्ये खासगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी बंधनकारक करण्यात आली. अनावश्यक शस्त्रक्रियांना त्याने आळा बसतो, हे चांगलेच आहे. पण परवानगी नाकारल्यावर त्या बाईचे दुखणे, मोळी आणि खाडा तसेच राहतात. माझ्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर रुग्णालयापेक्षा फडावर आहे : तोडणीच्या करारात बाईचे स्वतंत्र नाव आणि तिची मजुरी तिच्या खात्यात, आजारपणाच्या व पाळीच्या दिवसांचा खाडा बंद, अड्ड्यावर, म्हणजे कामगारांच्या मुक्कामाच्या जागी, पाण्याची टाकी, फिरते शौचालय, पाळणाघर, आणि हंगामात आठवड्यातून एकदा येणारा दवाखाना. मुलांना गावातच ठेवून शिकवण्यासाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहांची योजना आहे. मुलींची वसतिगृहे नीट चालली तर लवकर लग्नाचे एक मोठे कारण नाहीसे होते.

यासाठी पैसा कुठून येणार, हा प्रश्न नेहमी शेवटी विचारला जातो. लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढेच राज्य सरकारकडून, अशी तरतूद ठरली. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास ऊस गाळला जातो. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला दोनशे कोटी रुपये होतात. तोडणी कामगारांची संख्या दहा लाख धरली तर एका माणसामागे दोन हजार रुपये, आणि पन्नास कोयत्यांच्या एका अड्ड्यामागे दोन लाख. एवढ्या पैशात सहा महिन्यांसाठी पाण्याची टाकी, फिरती शौचालये आणि पाळणाघरासाठी अड्ड्यावरच्याच एका बाईचे मानधन भागू शकते.